धातुवस्तू, भूगत लघु

धातुवस्तू, भूगत लघु : पुरलेल्या, हरवलेल्या किंवा टाकून दिलेल्या आणि कालांतराने पुन्हा हाती आलेल्या लहान आकाराच्या धातूच्या वस्तू. नाणी, वजने, दागिन्यांचे सुटे भाग, घुंगरे, मुद्रा, शलाका, देवांचे टाक, कड्या-कोयंडे, बंदुकीच्या गोळ्या व बाणाग्रे यांचा त्यांत मुख्यत्वे समावेश होतो. नांगरट, घराच्या पायाची खोदाई, विहिरीतील गाळ-उपसा, नदीकाठची धूप आणि अलीकडच्या काळात धातुशोधक यंत्र ही त्या सापडण्याची नेहमीची निमित्ते होत. या वस्तू बहुधा तुटलेल्या, गंजलेल्या आणि आपल्या मूळ जोडीदार भागांपासून विलग झालेल्या असतात. म्हणून वस्तू कोणत्या धातूची आहे हे समजले, तरी ती काय आहे आणि केव्हाची आहे हे प्रश्न उरतातच. कोल्हापूर व त्याच्या परिसरात सातवाहन काळापासून अखंड वस्ती असल्याने या प्रश्नांची उदाहरणे तेथे विपुल आढळतात.

धातुशोधक यंत्राचे कार्य विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनावर आधारलेले असते. यंत्राच्या कड्यातील वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला असता बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीतील धातूत त्यामुळे भोवरी प्रवाह उद्भवतात आणि त्यांचे प्रतिक्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यात टिपले जाते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशा उपकरणाचा वापर करून पाहिला. तो सफल झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग शोधण्याच्या निकडीमुळे सहज वाहून नेता येणारी यंत्रे प्रचारात आली. यंत्राला धातूची विद्युत्‌संवाहकता आणि वस्तूचा आकार यांचा एकत्रित परिणाम तेवढा जाणवतो. त्यामुळे सोन्याची लहान अंगठी आणि ॲल्युमिनियमचा तुकडा यांचे संकेत जवळजवळ सारखे येऊ शकतात. नाण्याएवढी वस्तू सामान्यतः वीतभर खोलीपर्यंतच जाणवते. सह्याद्रीच्या माथ्याकडील जांभ्या दगडाच्या जमिनीत लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात व बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीतही मॅग्नेटाइटाचे कण असतात; अशा जमिनीत धातू नसतानाही यंत्र संकेत देते. थोडक्यात, यंत्र जागा दाखविते. वस्तू ओळखणे हे त्यानंतरचे आणि वेगळे काम आहे.

परीक्षेच्या पद्धती : वस्तू हाती येताच ती घासण्याचा मोह आवरणे ही पहिली पायरी होय. पितळेची भांडी चिंचेने लखलखीत करण्याची घरोघरची सवय येथे घातक ठरते, कारण तांब्याच्या जुन्या नाण्यावरील अक्षरे पुष्कळदा मूळ धातूत उरलेली नसून गंजाच्या थरातच टिकून असतात. आम्लाने तो थर गेला की अक्षरेही जातात आणि उरते ती एक गुळगुळीत चकती. माती सैल करण्यासाठी मऊ कुंचला आणि बांबूची काडी पुरेशी असते. सर्व बाजूंची छायाचित्रे, लांबी-रुंदी-जाडी आणि वजन यांची नोंद त्याआधीच करावी.

गंजाचा रंग धातूविषयी बरेच सांगतो. तांबे व कांसे यांवर प्रथम तांबडा क्युप्राइट व त्यावर हिरवा मॅलॅकाइट यांचे थर चढतात. चांदी गंधकाच्या संयोगाने काळवंडते. शिशावर करडा-पांढरा कार्बोनेटाचा लेप बसतो. लोखंड फुगून पापुद्रे सुटतात व त्याचा मूळ आकार क्ष-किरण छायाचित्राशिवाय कळेनासा होतो. सोने मात्र जसेच्या तसे राहते. तांब्याच्या वस्तूवर फिकट हिरवी, भुकटीसारखी ठिपक्यांची पूड दिसू लागली, तर ती क्लोराइडांमुळे होणारी चालू विक्रिया समजावी. दमट हवेत ती वाढत जाते व वस्तू पोखरते. अशा वस्तू सापेक्ष आर्द्रता सु. ४० टक्क्यांच्या आत राहील अशा कोरड्या, बंद डबीत ठेवाव्या लागतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे आपोआप घडत नाही.

विशिष्ट गुरुत्वाची परीक्षा जुनी व सोपी आहे. वस्तूचे हवेतील वजन घेऊन ती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा वजन करतात. हवेतील वजनास पाण्यातील घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. हवेत ६ ग्रॅ. भरणारे वळे पाण्यात ५.४३ ग्रॅ. भरले, तर घट ०.५७ ग्रॅ. व विशिष्ट गुरुत्व सु. १०.५ येते, म्हणजे ते चांदीचे असण्याचा संभव आहे. सोन्यासाठी हा आकडा १९.३, शिशासाठी ११.३, तांब्यासाठी ८.९ ते ९, पितळेसाठी साधारण ८.४ ते ८.७, लोखंडासाठी ७.९, जस्तासाठी ७.१ आणि ॲल्युमिनियमसाठी २.७ आहे. परंतु वस्तू भरीव असेल, तरच ही परीक्षा लागू पडते. कोल्हापुरी साजातील पाने वा मणी पातळ सोन्याच्या पत्र्याचे, आत लाख भरलेले असतात. असे एखादे मत्स्याच्या वा कासवाच्या आकाराचे पान एकटेच सापडले, तर त्याचे विशिष्ट गुरुत्व सोन्याच्या जवळपासही येत नाही आणि ते मुलामा दिलेले खोटे लेणे समजून फेकून दिले जाण्याची शक्यता असते. मत्स्य, कासव इ. आकारांची पाने एका सरात ओवलेली ज्याने पाहिली आहेत, त्याला ते तत्काळ ओळखता येते. ओळख पटण्यात मापनाइतकाच ओळखीच्या वस्तूंचा परिचय उपयोगी पडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

घडणीच्या खुणाही पाहाव्या लागतात. साच्यातून ओतलेल्या वस्तूवर जोडरेषा वा ओतमुखाची गाठ राहते. ठोकून घडविलेल्या पत्र्यावर हातोडीचे उथळ खळगे दिसतात. ठशाने पाडलेल्या जुन्या नाण्याची कड अनियमित असते. एकसारखे यांत्रिक आटे, सफाईने कापलेली कड किंवा ॲल्युमिनियमचा वापर आढळल्यास वस्तू अर्वाचीन ठरते, कारण ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची विद्युत्‌पद्धती १८८६ मध्ये शोधली गेली. पितळेतील जस्ताचे प्रमाणही कालसूचक असते. तांबे, जस्ताचे धातुक व कोळसा एकत्र भाजून केलेल्या पितळेत जस्त सु. २८ ते ३० टक्क्यांपेक्षा अधिक मुरत नाही. त्याहून अधिक असेल, तर ते शुद्ध जस्त मिसळून केलेले, म्हणजेच त्यामानाने उत्तरकालीन असते. प्रयोगशाळेत क्ष-किरण प्रतिदीप्तीने घटक धातू वस्तूला इजा न करता मोजता येतात. मात्र ही पद्धती पृष्ठभागच वाचते आणि गंजलेल्या वस्तूचा पृष्ठभाग व गाभा यांची घटना एक नसते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नेहमी आढळणाऱ्या वस्तू : मध्यभागी मोठे भोक असलेली कांस्याची पातळ चकती हा कोड्यात टाकणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत सामान्य नमुना म्हणता येईल. अनेकजण तिला यंत्राचा वायसर समजतात. ती पुष्कळदा १९४३ ते १९४७ या काळात पाडलेला भोकाचा पैसा असते. महायुद्धकाळातील धातुटंचाईत धातू वाचविण्यासाठी तो भोकाचा करण्यात आला. भोकाभोवतालच्या अरुंद कड्यावर मुकुट, वर्ष व अक्षरे यांचा माग लागतो. दोन्ही टोके किंचित फुगीर असलेली तांब्याची बारीक काडी ही अंजनशलाका होय. दातकोरणे, कानकोरणे व चिमटा हे एका कडीत अडकविलेले त्रिकूट सुटले, की प्रत्येक तुकडा गूढ वाटू लागतो. शिशाची गोळी बंदुकीची की मासेमारीच्या जाळ्याचे वजन, हे तिच्यातील आरपार भोकावरून किंवा दुमडीवरून ठरते. बंदुकीच्या गोळीवर ओतण्याच्या साच्याची रेषा बहुधा दिसते व ती झाडलेली असल्यास एक बाजू चेपलेली असते.

चांदीचा, तांब्याचा वा पितळेचा तळहाताहून लहान, उठावाचे काम केलेला पत्रा हा देवघरातील टाक असतो. त्यावर खंडोबा, देवी, वीर इ. आकृती असतात. रोजच्या पूजेत वर्षानुवर्षे घासला गेल्याने चेहरा पुसट होतो आणि मग कुटुंबात नवा टाक घडवून जुना नदीत सोडतात. पंचगंगेच्या पात्रात टाक सापडला, तर तेथे देवालय वा घर होते असे अनुमान काढणे म्हणूनच चुकीचे ठरते. नदीला नाणे वाहण्याच्या प्रथेमुळे घाटाखालच्या वाळूत अनेक शतकांची नाणी सरमिसळ झालेली असतात व पूर त्यांना दरवर्षी नव्याने ढवळतो.

केवळ आकारावरून काळ ठरविण्यातील अडचण अंजनशलाकेत विशेष स्पष्ट होते. सातवाहनकालीन वस्त्यांच्या उत्खननांत ज्या घाटाच्या शलाका मिळतात, जवळपास त्याच घाटाच्या शलाका आजीच्या फडताळातही मिळत. शिवराईचेही तसेच आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेले तांब्याचे नाणे शिवकालीनच असले पाहिजे, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक ही अक्षरे शिवाजी महाराजांनंतरही दीर्घकाळ अनेक टांकसाळींतून पाडलेल्या शिवरायांवर कायम राहिली. अक्षरांचे वळण, वजन आणि ओळींमधील दुहेरी रेघ (दुदांडी शिवराई) यांवरून त्यांचे गट पाडावे लागतात. [⟶ नाणी].

शिशाच्या चकत्यांकडे मात्र विशेष लक्ष द्यावयास हवे. कोल्हापूर भागात सापडणारी शिशाची जाड नाणी पांढरट लेपाखाली अगदी सामान्य दिसतात आणि शिसे मऊ व सहज वितळणारे असल्याने ती मोडीत जाण्याचा धोका अधिक असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतलेल्या अशाच नाण्यांवरून इतिहासाला अन्यथा अज्ञात असलेले राजे उजेडात आले : वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर व गोतमिपुत विळिवायकुर. त्यांच्या नाण्यांवर एका बाजूस पर्वत (चैत्य) व वृक्ष आणि दुसऱ्या बाजूस बाण लावलेले धनुष्य ही चिन्हे असतात. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी याने हिप्पोकूराचा राजा म्हणून उल्लेखिलेला बलेओकूरोस हा विळिवायकुर असावा, असे मानण्यात येते. या तिघांचा क्रम कोणत्याही शिलालेखाने नव्हे, तर पुनर्मुद्रांकनाने ठरला. सिवलकुराचा ठसा पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर, तर गोतमिपुत विळिवायकुराचा ठसा आधीच्या दोघांच्या नाण्यांवर मारलेला आढळतो. अर्थात वरचा ठसा नंतरचा. १९०८ मध्ये ई. जे. रॅप्सन यांच्या ब्रिटिश म्यूझियमच्या नाणेसूचीत ही नाणी वर्णिली गेली. खालच्या ठशाची जेमतेम दिसणारी एखादी रेषा कोणी घासून काढली असती, तर हा क्रम कळला नसता.

ब्रह्मपुरीचा संचय : पंचगंगेच्या काठी, कोल्हापूर शहराच्या पश्चिम बाजूस ब्रह्मपुरी ही प्राचीन वस्तीची टेकडी आहे. १९४४–४५ च्या सुमारास तेथील खोदकामात राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांना शंभराहून अधिक धातुवस्तूंचा एक संचय मिळाला. त्यात स्वारांसह हत्तीची देखणी कांस्यमूर्ती, भांडी इ. एतद्देशीय घडणीच्या वस्तू बहुसंख्य होत्या. त्यांच्याबरोबरच एक दाढीधारी, नग्न पुरुषाची छोटी कांस्यमूर्ती, एक सुरई, एक आरसा व मानवी आकृती असलेली एक उठावाची गोल तबकडी अशा काही अगदी निराळ्या वाटणाऱ्या वस्तूही होत्या. मूर्तीची उंची वीतभरही नाही. भारतीय मूर्तिशास्त्रात तिला स्थान सापडेना. भूमध्य सागरी प्रदेशातील मूर्तींशी अंगस्थिती, केस-दाढीची ठेवण व स्नायूंचे काम यांची तुलना केल्यावर तो ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन असल्याचे निश्चित झाले. त्याच्या हातातील त्रिशूळ मूर्तीसोबत उरलेला नाही. म्हणजे ज्या खुणेवरून देव एरवी ओळखला जातो, ती खूण नसताना ही ओळख पटविली गेली. तबकडीवरील आकृती पर्सियस व अँड्रॉमेडा या ग्रीक कथेतील जोडीच्या आहेत. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून घाट चढून वर येणाऱ्या रोमन व्यापाराचा हा दख्खनमधील एक महत्त्वाचा पुरावा होय.

वस्तूंची ओळख अशी पटली, तरी त्या येथे केव्हा आल्या व केव्हा पुरल्या गेल्या याविषयी मतैक्य होण्यास अवधी लागला. संचय शास्त्रशुद्ध स्तरनिहाय उत्खननापूर्वी बाहेर आला होता. पुढच्याच हंगामात, १९४५–४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातर्फे ब्रह्मपुरीचे उत्खनन केले (अहवाल १९५२) आणि सातवाहन व बहमनी काळांचे वस्तिस्तर निश्चित केले. पण संचयातील वस्तू तोवर त्यांच्या थरापासून अलग झालेल्या होत्या. कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये त्यांचे सविस्तर परीक्षण केले. रिचर्ड डी प्यूमा यांनी रोमन वस्तूंचा स्वतंत्र अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. या दोन्ही अभ्यासांना मुख्यतः शैली व तुलना यांवर विसंबावे लागले. शैलीवरून वस्तू घडविल्याचा काळ मिळतो, पुरल्याचा नव्हे; एखादी जपून ठेवलेली मूर्ती घडल्यानंतर शंभर वर्षांनीही पुरली जाऊ शकते. जो प्रश्न एका नाण्याने किंवा खापराच्या शेजाराने कदाचित सुटला असता, त्यावर पुढची कित्येक दशके चर्चा करावी लागली. या संचयातील वस्तू कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील शासकीय वस्तुसंग्रहालयात आहेत.

असाच प्रकार १९७४ मध्ये दायमाबाद (तत्कालीन अहमदनगर, आता अहिल्यानगर जिल्हा) येथे घडला. ग्रामस्थांच्या हाती लागलेल्या रथ, हत्ती, गेंडा व रेडा या एकूण ६० किग्रॅ.हून अधिक वजनाच्या ब्राँझ प्रतिमा उत्खननातून मिळालेल्या नव्हत्या. म. के. ढवळीकर इत्यादींनी त्यांना उत्तर हडप्पाकालीन मानले, तर डी. पी. अगरवाल यांनी त्यांतील एक टक्क्याहून अधिक आर्सेनिकाकडे बोट दाखवून त्या काळाबद्दल शंका घेतली. येथे वस्तू आकाराने लहान नव्हत्या व ओळखही कठीण नव्हती. अडचण तीच होती.

म्हणून वस्तूबरोबर पुढील तपशील नोंदला गेला पाहिजे : जागेचा गट क्रमांक किंवा नकाशावरील स्थान, पृष्ठभागापासूनची खोली, मातीचा रंग व पोत, आणि शेजारी मिळालेले खापर, कोळसा, हाडे, विटा. नुसते ‘शेतात मिळाले’ असे म्हणणे अपुरे होय. खापराचा क्षुल्लक तुकडा चांदीच्या नाण्यापेक्षा अधिक बोलका ठरू शकतो. खापरे पुरून ठेवीत नाहीत, ती ज्या काळात फुटतात त्याच काळाच्या थरात पडून राहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते यंत्राने संकेत दिल्यावर वस्तू उकरून काढण्याऐवजी जागेवर खूण करून जाणकारास बोलाविणे हाच सर्वांत फलदायी मार्ग होय, मग ती वस्तू अखेर बाटलीचे बूच का निघेना.

कायदेशीर बाजू : जमिनीत दडलेल्या मूल्यवान वस्तूस १८७८ च्या भारतीय निखात निधी (गुप्तधन) अधिनियमाने ‘निधी’ म्हटले आहे. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजी मूल्य, सापडल्याचे ठिकाण व तारीख यांची लेखी खबर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास देणे व निधी जवळच्या शासकीय कोषागारात जमा करणे किंवा मागणी होताच हजर करण्याबद्दल तारण देणे बंधनकारक आहे. जिल्हाधिकारी हक्कदारांसाठी जाहीर सूचना काढतो. निधी बेवारस ठरल्यास व सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्यास व उरलेला जमीनमालकास मिळतो. शासनाला तो हवा असल्यास धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन घेता येतो. खबर न देणाऱ्याचा वाटा शासनजमा होतो व त्यास एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. गुप्तधनावर सारा हक्क सरकारचाच असतो, या समजुतीपायी लोक वस्तू दडवितात किंवा सोनाराकडे वितळवितात. कायद्याचा मजकूर त्यांना ठाऊक असता, तर कित्येक संचय वाचले असते.

१९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियमानुसार (अंमल ५ एप्रिल १९७६ पासून) किमान शंभर वर्षांपूर्वीची नाणी, मूर्ती वा कलावस्तू पुरावशेष ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्मारके व स्थळे यांच्या क्षेत्रात अनुज्ञेशिवाय खोदणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पन्हाळा हा किल्ला केंद्र संरक्षित असून मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला आहे. तेथील तटाखाली यंत्र घेऊन फिरणाऱ्यास हौस हे कारण पुढे करता येत नाही. शेतात, परड्यात किंवा विहिरीच्या गाळात सापडलेल्या वस्तूसाठी मात्र तलाठी वा तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यास खबर द्यावी आणि ओळखीसाठी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, किंवा कोल्हापूर परिसरात टाउन हॉलमधील संग्रहालयाकडे जावे. जाताना वस्तू न धुता, मातीसह, स्वतंत्र कागदी पुडीत ठेवून जागेचा तपशील त्याच पुडीवर लिहावा.